निकुंभांचा बायोडेटा

"प्रमोद, हा माणूस तुला सापडला कुठे?"

कुंदाताई केबिनच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात मी तयार केलेला दोन पानी बायोडेटा होता. "क्लायंटचा आत्ताच फोन आला. म्हणतात, एकदा वाचला आणि परत पहिल्यापासून वाचला. असाच माणूस हवा होता म्हणे. उद्या अकराला इथेच, आपल्या ऑफिसात भेटायचं ठरलंय."

मी खुर्चीत मागे रेललो आणि म्हणालो, "माणसं सापडत नसतात ताई. ओळखावी लागतात."

हे वाक्य मी खरोखर बोललो होतो. तेरा वर्षं झाली त्याला. अजूनही कधी दाढी करताना आठवलं, की आरशातल्या माणसाकडे बघवत नाही.

आमची एजन्सी नाशिकला कॉलेज रोडवर, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर होती. 'नेमणूक कन्सल्टन्सी' असं नाव. अकाउंटंट, इंजिनीअर, मॅनेजर अशी टेबलावर बसणारी माणसं आम्ही कंपन्यांना शोधून द्यायचो. एजन्सी म्हणजे आम्ही तिघंच. कुंदाताई राजोपाध्ये मालकीण. एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात वीस वर्षं काढून त्यांनी हे सुरू केलं होतं. नसरीन तांबोळी फोन, फॉर्म आणि कॉम्प्युटर सांभाळायची. आणि मी, प्रमोद खैरनार, सीनियर कन्सल्टंट. ज्युनिअर कुणी नव्हताच, पण कार्ड छापताना मीच तो शब्द घालून घेतला होता.

माणूस दारातून खुर्चीपर्यंत चालत येतो तेवढ्यात तो मला कळतो, अशी माझी समजूत होती. त्यामुळे येणाऱ्या उमेदवाराकडून नसरीन जो चार पानी फॉर्म भरून घ्यायची, तो मी उघडत नसे. "फॉर्ममध्ये माणूस लपतो," असं मी तिला एकदा समजावलं होतं. ती "बरं सर" म्हणाली आणि फॉर्मला पंच करून फायलीत लावत राहिली.

ही जागा मोठी होती. अंबडच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीला परचेस मॅनेजर हवा होता. कंपनीचं नाव कुंदाताईंनी मलासुद्धा सांगितलं नाही. "त्या जागेवर आज एक माणूस बसलेला आहे," त्या म्हणाल्या. "त्याला काढायचंय आणि त्याला कळायला नकोय. नाव फक्त माझ्यापाशी राहील." मग त्यांनी कंपनीचं पत्र मला वाचून दाखवलं. पंधरा वर्षांचा अनुभव, कास्टिंगची, म्हणजे साच्यात ओतलेल्या भागांची, चांगली माहिती, वय पंचेचाळिशीच्या आत. शेवटी एक ओळ होती: सध्याची व्यक्ती प्रामाणिक आहे, परंतु स्वतःहून काही करत नाही.

"असतात असे," मी म्हणालो होतो.

दहा दिवस हाताला कुणी लागलं नाही. अकराव्या दिवशी, शनिवारी दुपारी, दत्तात्रय निकुंभ आले. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं, खांद्याला डब्याची पिशवी. नसरीनकडे फॉर्म भरून ते माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसले.

"एक विनंती आहे," ते म्हणाले. "मी नोकरीत आहे. कंपनीत कुठे कळायला नको."

"कंपनीचं नाव तुम्ही मला सांगूच नका," मी हात उडवत म्हणालो. "नावाशी मला कर्तव्यच नाही. तुम्ही काय केलंत ते सांगा."

"काय केलं म्हणजे... परचेस बघतो. एकवीस वर्षं झाली."

त्यांना बोलतं करायला मला अर्धा तास लागला, पण मग जे निघालं ते ऐकण्यासारखं होतं. कोल्हापूरच्या फाउंड्रीत अचानक संप झाला, तेव्हा हा माणूस रातोरात टेम्पो करून कास्टिंगचे साचे बेळगावला घेऊन गेला होता आणि माल हातात पडेपर्यंत सहा दिवस तिथल्या भट्टीजवळ बसून राहिला होता. नाशिकला कारखाना एक दिवसही थांबला नाही. पूर्वी शंभर कास्टिंगमागे नऊ खराब निघायची. ह्यांनी सुट्टीच्या दिवशी जाऊन, साचे बनवणाऱ्या कामगारांबरोबर उभं राहून ती दोनवर आणली.

"हे वरच्यांना सांगितलंत का?"

"काय सांगायचं? माल वेळेवर आला, एवढं दिसतंच की त्यांना."

"मग आता सोडताय का?"

निकुंभांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "अलीकडे मीटिंगला बोलवत नाहीत," ते म्हणाले. "मुलीचं लग्न झालं गेल्या आठवड्यात. आता जरा हलता येईल म्हटलं."

तो बायोडेटा मी रविवारभर लिहीत बसलो. बेळगावचे सहा दिवस लिहिले, नवाचे दोन कसे झाले ते लिहिलं. वय त्यांनी एक्कावन्न सांगितलं होतं, ते गाळलं. एकवीस वर्षांच्या जागी 'पंधरा वर्षांहून अधिक' असं लिहिलं. ते खोटं नव्हतं आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. उमेदवाराचं आणि त्याच्या कंपनीचं नाव बायोडेट्यातून काढून टाकायचं, अशी आमची रीतच होती, नाहीतर क्लायंट परस्पर गाठतात. त्यामुळे कुंदाताईंनी पाठवला तोही बिननावाचा कागद.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी नसरीन माझ्या टेबलाशी आली. "सर, निकुंभांचा फॉर्म एकदा बघून घेता का? वय बसत नाहीये."

"ते मी सांभाळलंय."

"बाकीचंही एकदा—"

"नसरीन, मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी कागद बघत नसतो."

ती फाईल माझ्या टेबलावर ठेवून घरी गेली. मी फायलीवर हेल्मेट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला क्लायंट आले. बेलसरे साहेब, साठीचे, सफारी घातलेले, मोजकं बोलणारे. कुंदाताईंनी त्यांना आपल्या केबिनमध्ये बसवलं. माझा बायोडेटा त्यांच्या हातात होता आणि त्यावर लाल पेनाने ठिकठिकाणी रेघा ओढलेल्या होत्या. त्या रेघा बघून मला गुदगुल्या झाल्या.

बरोबर अकराला निकुंभ जिना चढून आले. मुलीच्या लग्नासाठी शिवलेला कोट त्यांनी घातला होता. मी त्यांना बाजूला घेऊन शेवटचा सल्ला दिला. "नजरेला नजर द्या. आणि केलेलं काम सांगायला लाजू नका. समोरच्याला तुमच्याबद्दल काहीही माहीत नाही, असं धरून चाला."

मग मी दार उघडलं आणि म्हणालो, "सर, हे आपले उमेदवार."

बेलसरे वळले. निकुंभ दारातच थांबले. दोघांच्या चेहऱ्यावरचा रंग एकाच वेळी गेला.

"निकुंभ?"

"साहेब?"

कुंदाताईंनी डोळे मिटले. त्यांना त्या क्षणी सगळं कळलं. मी मात्र हातात पाण्याच्या ग्लासांचा ट्रे घेऊन, हसत म्हणालो, "अरे वा, तुमची ओळख आहे वाटतं. मग तर कामच सोपं झालं."

खालच्या दुकानात कुणाचे तरी डोळे तपासत होते. वाचून दाखवणाऱ्याचा आवाज वरपर्यंत येत होता. मग निकुंभांच्या 'साहेब'चा अर्थ माझ्या डोक्यात शिरला आणि मी ट्रे टेबलावर ठेवून दिला.

"बसा निकुंभ," बेलसरे शेवटी म्हणाले. "आलाच आहात तर बसा."

निकुंभ बसले, तसेच खुर्चीच्या कडेवर. बेलसऱ्यांनी कागदाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, मग परत कागदाकडे.

"हे बेळगावचं. हे तुम्ही केलंत?"

"हो साहेब. दोन हजार सहा साली. तुम्ही जर्मनीला गेला होतात तेव्हा."

"सहा दिवस तिथे होतात?"

"हो."

"मला का नाही सांगितलंत?"

निकुंभ विचारात पडले. प्रश्न त्यांना खरंच अवघड वाटला असावा. "तुम्ही परत आलात तेव्हा सगळं नीट चालू होतं," ते म्हणाले. "मग सांगायचं काय उरलं?"

बेलसरे लाल रेघांवरून एकेक करत खाली उतरले. प्रत्येक रेघेला एक प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाला निकुंभांचं दोन ओळींचं उत्तर. वीस मिनिटं असं चाललं. माझ्या नोकरीत मी इतकी चांगली मुलाखत झालेली बघितली नाही, आधी नाही आणि नंतरही नाही. शेवटी बेलसऱ्यांनी कागदाची घडी घातली. "झालं गेलं विसरून जाऊ," ते म्हणाले. "तुम्ही कुठे जायचं नाही. उद्यापासून मीटिंगला तुम्ही माझ्याशेजारी बसायचं."

निकुंभांनी मान हलवली, पण ती होकाराची होती की कसली ते कळलं नाही. मग ते कुंदाताईंकडे वळले. "बाई, एक विचारू? ही जागा तुमच्याकडे कधीपासून आहे?"

कुंदाताईंनी बेलसऱ्यांकडे बघितलं. बेलसरे खिडकीकडे बघत होते.

"आज सतरा दिवस झाले," त्या म्हणाल्या.

निकुंभांनी मनात मोजलं. "म्हणजे आमच्या मुलीच्या लग्नाच्या आधी," ते हळूच म्हणाले. "साहेब सहकुटुंब आले होते लग्नाला. पहिल्या पंगतीला बसले होते." त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते उठले, दोघांना नमस्कार केला आणि निघून गेले.

बेलसरे माझ्याकडे वळले. "तुम्ही लिहिलंत ना हे? मग तुम्हीच बोला त्यांच्याशी. तुमचं ऐकतील. त्यांना सांगा, राहा म्हणावं." मग कुंदाताईंना म्हणाले, "पुढच्या वर्षी दुसरा प्लांट उभा राहतोय. चाळीसेक जणांचा स्टाफ लागेल. सगळी भरती तुमच्याकडून करून घेईन."

त्या वर्षी आमच्याकडे कामाचा दुष्काळ होता. दर महिन्याला ऑफिस चालवणं कुंदाताईंना किती जड जातंय, ते मला आणि नसरीनला माहीत होतं. मी जिना उतरून धावलो.

निकुंभ कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीशी उभे होते. मला बघून त्यांनी आणखी एक चहा सांगितला.

"निकुंभ साहेब, माफ करा," मी म्हणालो. "माझीच चूक. तुमचा फॉर्म मी उघडलाच नाही. अंबड आणि पंप एवढं वाचलं असतं तरी कळलं असतं."

"माफी कसली मागता. एकवीस वर्षांत माझी मुलाखत घ्यावीशी कुणाला वाटली नव्हती. आज झाली."

मी बोलायला सुरुवात केली. ओळखीची जागा, साहेबांना झालेली जाणीव, ह्या वयात नव्या ठिकाणी होणारा त्रास. वाक्यं आपोआप येत होती, कारण ती मी ह्याआधी शंभर जणांना ऐकवलेली होती. निकुंभांनी ती सगळी ऐकून घेतली.

मग म्हणाले, "कंपनीने तुम्हाला पत्र दिलं असेल ना? कसा माणूस हवा त्याचं?"

"हो."

"त्यात माझ्याबद्दल काही लिहिलं होतं?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. चाळीस नेमणुका त्या एका शब्दावर टांगलेल्या होत्या आणि खोटं बोलायचा मला सराव नव्हता असंही नाही. पण हा माणूस माझ्याकडे अशा विश्वासाने बघत होता, की जणू मी कुणीतरी जाणकार आहे. असं माझ्याकडे फारसं कुणी बघत नसे. मीच बघायचो.

"लिहिलं होतं," मी म्हणालो. "सध्याची व्यक्ती प्रामाणिक आहे, परंतु स्वतःहून काही करत नाही."

निकुंभांनी चहाचा ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं, आता हे रडणार. पण ते हसत होते. तोंडावर रुमाल धरून, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते.

"बरोबर आहे त्यांचं," ते रुमाल खिशात ठेवत म्हणाले. "तसं स्वतःच्या मनाने मी काही केलेलंच नाही. आता करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी राजीनामा दिला.

बेलसऱ्यांचा फोन आला तेव्हा मी केबिनमध्येच होतो. कुंदाताईंनी दहा मिनिटं नुसतं ऐकून घेतलं. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "काय सांगितलंस त्यांना?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "खरं बोललास, ते चांगलं केलंस," त्या म्हणाल्या. "बाकी सगळा गाढवपणा केलास. आजपासून फॉर्म तू भरून घ्यायचे. समोर बसून बोलायचं काम नसरीन करेल."

मी वाद घातला नाही. माझी खुर्ची नसरीनकडे गेली. पहिल्याच आठवड्यात तिने दोन जागा भरल्या. उमेदवाराशी बोलायच्या आधी ती त्याचा फॉर्म दोनदा वाचायची. तिचं गुपित काय ते मला चार दिवस कळत नव्हतं.

रोज अकरा वाजले की निकुंभ ऑफिसात हजर. कोट नाही, अर्ध्या बाह्यांचा शर्ट. "काही आहे का?" विचारायचे आणि बाकावर बसायचे. मी कंपन्यांना फोन लावायचो. सगळे आधी खूश व्हायचे, मग वय विचारायचे. एकाने सांगितलं, आमचा मॅनेजिंग डायरेक्टरच अडतीसचा आहे, हे त्याच्याशी बोलणार काय? दर वेळी मी पडलेल्या चेहऱ्याने बाकाकडे जायचो आणि निकुंभच मला खाली चहाला घेऊन जायचे. "होतं असं," म्हणायचे. बेकार ते होते आणि धीर मला तेच देत होते.

दुसऱ्या महिन्यात एक फोन आला. "मी सुमन निकुंभ बोलतेय. तुम्हीच का ते खैरनार?"

"हो, मीच."

"ह्यांनी सांगितलंय मला, तुम्ही खरं बोललात म्हणून. चांगली गोष्ट आहे. पण खरं बोलून तुम्ही जेवायला घरी गेलात. हे घरी येतात तेव्हा जेवत नाहीत. एवढं लक्षात असू द्या."

त्या दिवसापासून मी फोन करणं सोडलं आणि गाडी काढून कंपन्यांच्या दारात जायला लागलो. सातपूर झालं, अंबड झालं, गोंदे झालं. रिसेप्शनला बसवायचे, मी बसायचो. पूर्वी कार्ड पुढे करून पाय हलवत बसायचो, आता बाकावर गुडघे जुळवून बसायला शिकलो. समोर बोलावलं की बायोडेटा दाखवायच्या आधीच सांगायचो, "वय एक्कावन्न आहे. पटत असेल तर पुढे वाचा." बहुतेकांना पटायचं नाही.

चौथ्या महिन्यात सिन्नरच्या एका कारखान्यात पटलं. शेतीची अवजारं करणारी कंपनी, फार मोठी नाही. मालकीणबाई स्वतः शॉपफ्लोअरवर उभ्या होत्या, हात ऑइलने काळे झालेले. त्यांनी कागद हातात न घेता मलाच वाचायला लावला. बेळगावचं ऐकून म्हणाल्या, "सहा दिवस भट्टीपाशी बसला? मग पाठवा. आमची कास्टिंगं तीन आठवडे अडकलीत."

रुजू व्हायच्या दिवशी निकुंभांची बस चुकू नये, म्हणून मीच त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. खरं सांगायचं तर बसचा प्रश्न नव्हता. मला चैन पडत नव्हती. सुमनताई दारापर्यंत आल्या, त्यांनी डबा निकुंभांच्या हातात दिला आणि मला म्हणाल्या, "सावकाश चालवा."

घोटीच्या फाट्याशी आलो. तिथे मला कळलं की आपण रस्ता चुकलोय. नाशिकहून सिन्नरला जायला घोटीकडे वळायचं कारणच नव्हतं. निकुंभांना ते केव्हाच कळलं होतं. "मला वाटलं तुमचं इकडे काही काम असेल," ते म्हणाले. आम्ही शेताशेतातून, विचारत विचारत, पन्नास मिनिटं उशिरा पोचलो.

फाटकाशी निकुंभ उतरले. शर्ट नीट खोचला, केसांवरून हात फिरवला. वॉचमनने वही पुढे केली. त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं आणि कामाचं स्वरूप ह्या रकान्यापाशी ते क्षणभर थांबले. मग जरा ठसठशीत अक्षरात त्यांनी लिहिलं, 'आजपासून इथेच'.

वॉचमनने वही माझ्याकडे फिरवली. "आणि तुम्ही कोण, साहेब?"

निकुंभ आत चालायला लागले होते. आवार ओलांडताना त्यांनी एकदा मागे वळून बघितलं, मी आहे की गेलो ते बघायला. शाळेच्या पहिल्या दिवशी मुलं बघतात तसं.

"मी कुणी नाही," मी वॉचमनला म्हणालो. "त्यांना सोडायला आलोय."